ओट्याखालची नाडी

मित्रांनो, तुमच्या स्वयंपाकघरातलं सिंकखालचं कपाट कधी उघडून पाहिलंत का? फिनेलच्या बाटलीमागे, ओल्या फडक्यांच्या गर्दीत एक वाकडा पाइप दिसतो. तोच मी. मी जुना आहे, पितळेचा आहे आणि दिसायला काही देखणा नाही. पण माझ्या वळणात कायम घोटभर पाणी साठलेलं असतं, म्हणून गटाराचा वास तुमच्या नाकापर्यंत पोहोचत नाही. याबद्दल माझं कौतुक एकाच माणसाने केलं.

त्या माणसाला सगळी गल्ली मिस्त्री म्हणायची. नळाच्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. हे घर घेतलं तेव्हा त्यांनी स्वतः मला बसवलं, सांध्यांवरून बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "चला, आता तीस वर्षं बघायला नको." तरीही दरवर्षी ते मला उघडायचे, धुऊन पुसून परत बसवायचे आणि शेवटी पाठीवर हलकेच थाप मारायचे. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग मिस्त्री म्हातारे झाले. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरू लागले, नंतर आपण जेवलो की नाही ते, आणि एके दिवशी सुनेचं नावच त्यांना आठवेना. मुलगा आणि सून वाईट नव्हते हो. पण दोघंही नोकरीवरून दमून यायचे, आणि मिस्त्री काही बोलू लागले की "हो बाबा, हो" म्हणून मोकळे व्हायचे. मिस्त्रींना फार काही नको होतं. आपल्याला अजून कामातलं कळतं, एवढं कुणीतरी मानावं, इतकीच त्यांची आस होती.

अशात घरात भांडी धुण्याचं मशीन आलं. त्याचं घाण पाणी माझ्याच वाटेने जायचं होतं. "प्लंबर कशाला? मिस्त्रींचा मुलगा आहे मी," असं म्हणत मुलाने बाह्या सरसावल्या. माझ्या वरच्या अंगाला एक जादा तोंड होतं. त्याचं बूच काढून त्याने मशीनची नळी तिथे खोचली आणि पट्टी आवळली. उरलेली नळी कपाटाच्या तळाशी लोळत राहिली.

मिस्त्री दारात उभे होते. "अरे, नळी आधी वर घे. ओट्याला टेकव. मग खाली आण."

"बाबा, पाणी वरून खालीच जातं ना? तुम्ही बसा बरं तिकडे."

"तसं नाही रे. ते पाणी... ते परत..." पुढचा शब्द त्यांना सापडला नाही. ते तसेच माघारी वळले.

त्यांचं बरोबर होतं. सिंकमधलं खरकटं पाणी खाली लोळणाऱ्या नळीतून उलटं मशीनच्या पोटात जाऊ लागलं. धुतलेल्या ताटांना कुबट वास येऊ लागला. सून वैतागली, "एवढं मशीन आणलं, तरी भांडी परत हातानेच घासायची!" मिस्त्री रोज तेच सांगायचे, "आधी वर, मग खाली." घरच्यांनी त्यांना वेड्यात काढलं.

एके दुपारी कपाटाचं दार उघडलं आणि मिस्त्री गुडघ्यांवर आत शिरले. मला चाचपून म्हणाले, "काय रे, बरा आहेस ना?" ओट्याच्या खालच्या अंगाला त्यांनीच पूर्वी ठोकलेला एक हुक होता. त्यांनी पायजम्याची नाडी ओढून काढली, नळी उचलली आणि त्या हुकाला घट्ट बांधली. गाठ अचूक बसली. एका हाताने पायजमा सावरत ते बाहेर आले, तोच सून समोर. कपाटातलं सगळं सामान जमिनीवर पसरलेलं होतं.

"बाबा, अहो हे काय करून ठेवलंत!" तिने कात्रीने नाडी कापली. संध्याकाळी मुलाने कपाटाला कुलूप लावलं.

त्यानंतर मिस्त्री स्वयंपाकघरात आलेच नाहीत. काही महिन्यांनी एके दिवशी सिंकमध्ये चहाचे कप फार आले. घरभर माणसं होती, पण मोठ्याने कुणी बोलत नव्हतं. मी काय ते समजलो.

पुढे मशीन दुरुस्त करणारा आला. कुलूप काढून आत डोकावला आणि हसला. "साहेब, नळी आधी ओट्यापर्यंत वर न्यायची आणि मग खाली. पाच मिनिटांचं काम. आणि इथे तर कुणीतरी बांधलीही होती की! हुकाला गाठ तशीच आहे. जाणता माणूस दिसतोय. कोण होता?"

मुलगा खाली बसला. कपाटात हात घालून त्याने त्या गाठीला बोट लावलं. सून दारात उभी राहून पदराने डोळे पुसत होती. "ही काढून टाकू?" कारागिराने विचारलं. "नको," मुलगा म्हणाला, "राहू दे."

मित्रांनो, मला वर्षातून एकदा साफ करा, माझ्यात तेल-तूप ओतू नका, एवढं तर मी सांगेनच. पण घरातलं म्हातारं माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असेल, तर हातातलं काम ठेवून एकदा त्याचं ऐका. आता आमच्या घरात ताटं लख्ख निघतात. मुलगा दरवर्षी मला उघडतो, धुतो, परत बसवतो. शेवटी माझी पाठ पुसतो आणि थाप न मारताच दार लावतो. वडील पुढे काय करायचे, ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं.