कुड्यांतले पिवळसर हिरे

वर बसलेल्या साहेबांनो, तुम्ही चोरी केली आहे. पावती देऊन केलीत, सोबत चॉकलेटचा डबा देऊन केलीत, म्हणून तिला कुणी चोरी म्हणत नाही. तुमच्या दुकानातले म्हणत नाहीत, देविकाचा नवरासुद्धा म्हणत नाही. देविका म्हणते, आणि ही गोष्ट तिची आहे.

देविका दिल्लीच्या मयूर विहारमध्ये वाढली आणि लग्नानंतर गुरुग्रामला आली. नवरा मानस पुण्याचा, मोठ्या कंपनीत. लग्नाला दहा वर्षं होत आली तेव्हा त्याने ठरवलं की बायकोला इटर्निटी रिंग घ्यायची. म्हणजे बोटाभोवती चहूकडून हिरेच हिरे, मध्ये कुठे खंड नाही अशी अंगठी. त्याच्या ऑफिसातल्या दोघांनी आपापल्या बायकांना घेतली होती. हे तो बोलला नाही, पण देविकाला कळायचं ते कळलं.

तिने एकच अट घातली. हिरे आईच्या कुड्यांतले हवेत.

आईच्या, म्हणजे लताबाईंच्या कुड्या सांगलीला घडलेल्या, त्यांच्या आईकडून आलेल्या. एकेका कानात सात हिऱ्यांचं फूल, मध्ये एक मोठा आणि भोवती सहा लहान. हिरे पांढरेशुभ्र नव्हते. पातळ केलेल्या साजूक तुपासारखी त्यांना पिवळी झाक होती. लहानपणी आईच्या मांडीवर डोकं ठेवलं की देविकाला खालून तेवढंच दिसायचं, कान आणि ती झाक. हिरा असाच असतो अशी तिची समजूत, आणि दुकानांच्या काचेतले पांढरे हिरे तिला पुढेही कायम खोटे वाटत आले.

लताबाईंच्या कानांची भोकं वयानं ओघळली, कुड्या डब्यात गेल्या. मुलीने मागितल्यावर त्यांनी एवढासुद्धा हात आखडला नाही.

"मोडायच्या तर मोड. डब्यात ठेवून काय पूजा करायचीय?" त्या म्हणाल्या. "पण अंगठी रोज घाल, भांडी घासताना घाल. तू कुठली भांडी घासतेस म्हणा, तुझी ती बाई घासते. आणि मधले दोन मोठे कुठे बसवलेस ते मला येऊन दाखव. बाकीचं मला काही बघायचं नाही."

तर दोघं कुड्या घेऊन दुकानात गेली. मॉलमधलं दुकान, आत इतकी थंडी की बोटाचं माप घ्यायला आलेल्या गुंजन नावाच्या मुलीने आधी देविकाला हात चोळायला लावले. अशी अंगठी पुढे मोठी करता येत नाही, सगळीकडे हिरे असतात, म्हणून माप नीट हवं. मग तिने कुड्या भिंगाखाली धरल्या आणि तिचा चेहरा पडला. कट जुना आहे, कलर खालचा आहे, पिवळा आहे, दोन मोठे आहेत, लाइन एकसारखी येणार नाही. त्यापेक्षा मॅडमनी नवे बघावेत.

देविका म्हणाली की लाइन वाकडी आली तरी चालेल. दोन मोठे समोरासमोर बसवा, बारा लहान दोन्हीकडे वाटून लावा, उरलेल्या जागा भरायला तुमच्याकडचे थोडे द्या, पण ते माझ्या हिऱ्यांशी जुळणारे द्या.

कारागिराने कुड्यांतले हिरे मोकळे करून दिले, आणि इथे गंमत सुरू झाली. गुंजन पांढऱ्या कागदाच्या घडीवर चिमट्याने हिरे मांडायची, एकाहून एक लखलखीत, आणि देविका म्हणायची, और पीला दिखाइए. गिऱ्हाईक खालचा कलर मागतंय हे त्या मुलीने आयुष्यात पाहिलं नव्हतं. तिने आतून दुसरा पुडा आणला, मग तिसरा. देविका आईचा एक हिरा मध्ये ठेवायची, शेजारी एकेक नवा लावून बघायची, मान तिरकी करून, श्वास रोखून, आणि नाही म्हणायची. मानस मोबाइल बघून कंटाळला, कॉफी पिऊन आला, परत कंटाळला.

"अगं, वरचा कलर त्याच भावात देतायत यार," तो कुजबुजला. "आणि तू हट्टाने खालचा शोधतेस. लोक उलटं करतात."

"लोकांची अंगठी नाहीये ही," देविका म्हणाली.

तिसऱ्या पुड्यात तिला हवे तसे मिळाले. आईच्या हिऱ्यांत ते मिसळले आणि क्षणभर तिलाच कुठला कुणाचा ते कळेना. एवढ्या वर्षांत कुठल्याही दुकानात तिला इतका आनंद झाला नव्हता. गुंजनही हसली. तिने दोन्ही मिळून एका पुडीत बांधले. देविकाने पुन्हा एकदा विचारलं, यही लगेंगे ना? गुंजन म्हणाली, पूरी कोशिश करेंगे मैम, फाइनल ऊपर से होता है. आणि मानस घाईघाईने म्हणाला, बिल्कुल, बिल्कुल, आप देख लीजिए.

हे 'बिल्कुल' लक्षात ठेवायला हवं. दिल्लीकडच्या आपल्या लोकांना ही खोड असते. देविका घरात भांडते ती मराठीत, भिंती हादरतात. उंबऱ्याबाहेर हिंदी सुरू झाली की आवाज आपसूक खाली येतो आणि वाक्याला 'जी' चिकटतो. तिच्या वडिलांनी सरकारी नोकरीची सगळी वर्षं 'जी, बिल्कुल' म्हणत काढली. परक्या गावात तंटा करायचा नाही, हे त्यांनी मुलीला एकदाही बोलून दाखवलं नाही, तरी ती शिकली. मानस पुण्याहून येऊन दोन वर्षांत शिकला. त्या दिवशी ऊपर म्हणजे कोण, कोशिश म्हणजे काय, हे विचारायचं होतं. दोघांनीही विचारलं नाही, थँक्यू म्हटलं.

अंगठी आली तेव्हा दुकानातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, हातात चॉकलेटचा डबा ठेवला. डबी उघडली आणि देविकाच्या डोळ्यांवर पांढरा उजेड आला. सगळे हिरे एका मापाचे, एका रंगाचे, दवाखान्यातल्या दिव्यासारखे. मोठे दोन कुठेच नव्हते. गुंजन खाली बघत होती. मॅनेजर बत्रा पुढे आला आणि त्याने खुशखबर सांगावी तसं सांगितलं: पिवळे हिरे ऊपर से रिजेक्ट झाले, कंपनीच्या सर्टिफिकेटात तो कलर बसत नाही, म्हणून कंपनीने स्वखुशीने सगळे वरच्या दर्जाचे लावून दिले. अपग्रेड, मैम. कॉम्प्लिमेंटरी. आणि जुने एक्सचेंजमध्ये, म्हणजे नव्यांच्या बदल्यात, कंपनीकडे जमा झाले, पावतीवर तसं लिहिलंय. सर ने बोला था ना, आप देख लीजिए.

देविकाने मानसकडे पाहिलं. मानस अंगठीकडे पाहत होता आणि त्याला ती आवडली होती, हे तिला दिसलं.

गाडीत जे भांडण झालं ते सगळं सांगत बसत नाही. मानसचं म्हणणं, आपला फायदाच झालाय, रडायचं कशाला. देविकाने विचारलं, उद्या तुझ्या आईला नेऊन त्याच वयाची, जास्त ताठ कण्याची दुसरी बाई आणून दिली तर फायदा म्हणशील का? त्यावर तो टोलनाक्यापर्यंत गाडी चालवत राहिला. मग म्हणाला, तुझ्या आईंना कळणारसुद्धा नाही. हे तो बोलला नसता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ती एकटी दुकानात गेली. अंगठी काउंटरवर ठेवली आणि हिरे परत मागितले. हिंदीत मागितले, म्हणजे विनंतीच झाली ती. बत्राने खुर्ची दिली, कोल्ड कॉफी मागवली, ऊपर बात करता हूँ म्हणाला. ती बसून राहिली. बत्रा परत आला, ऊपर मीटिंग चल रही है. कॉफीतला बर्फ वितळला. शेजारच्या काउंटरवर एक लग्नाचं घर सेट बघत होतं, त्यातल्या मावशींनी हिची अंगठी पाहून विचारलं, बेटा, कितनी सुंदर है, पसंद नहीं आई? देविका हसली, जी, बहुत सुंदर है म्हणाली, आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं तिला वाटलं.

तेवढ्यात लताबाईंचा फोन आला. मधले दोन बसवले का गं, कधी येतेस दाखवायला? देविकाने सांगितलं, आई, दुकानातच आहे, बघते. आईशी बोलताना पहिल्यांदाच तिचा आवाज असा चोरासारखा निघाला, आणि चोर ती नव्हती.

अखेर बत्राने ऊपरचा फोन लावला आणि स्पीकरवर टाकून काउंटरच्या काचेवर ठेवला. आतून एक गोड, थकलेला आवाज आला. नाव सांगितलं नाही.

"मैडम, आपका इश्यू क्या है? आपको तो बेटर ही मिला है. आप चाहती क्या हैं?"

"जी, वो, दरअसल..." देविका म्हणाली, आणि थांबली. अशी सुरू झालेली तिची सगळी वाक्यं कुठे जाऊन संपतात ते तिला ठाऊक होतं. ती खुर्चीवरून उठली, फोनवर वाकली आणि घरी बोलते त्या आवाजात मराठीत बोलायला लागली. लग्नाचं घर सेट सोडून तिच्याकडे बघायला लागलं. बत्राने फोन उचलायला हात पुढे केला, तिने तो मनगटाला धरून बाजूला सारला.

"कळत नसेल तर कळणारा माणूस आणा, मी थांबते. माझ्या आईच्या कानातले चौदा हिरे मी तुमच्या माणसांच्या हातात दिले. दोन मोठे, बारा लहान, पिवळे. मला चांगले नकोत, मला ते हवेत. ते रिजेक्ट करणारे तुम्ही कोण, हे नंतर बघू. आधी एवढं सांगा, आत्ता ते कुठे आहेत? कुणाच्या खोलीत, कुणाच्या हाताखाली? फोन ठेवायचा नाही. बोला."