धरणीधर महाराजांची खुंटी

करंजदऱ्याच्या देवळापुढं उभं राहायला जागा नव्हती. अकोल्याच्या डोंगरातली शहाणी माणसं त्या दिवशी घरी राहिली असावीत. बाकीची सगळी इथं लोटली होती. ओट्यावर वाघाचं कातडं, त्यावर धरणीधर महाराज आणि पुढं पाण्यानं काठोकाठ भरलेली तांब्याची परात.

"तिकडं समुद्राकाठी सरकारनं अणूची भट्टी पेटवली!" महाराज गरजले. "तिचा चटका शेषाच्या फण्याला बसतोय. शेष कूस बदलतो, म्हणून धरणी हलते. मी त्याला खुंटीला बांधणार!"

शेष म्हणजे जणू महाराजांच्या गोठ्यातली म्हैस. पण हसलं कुणी नाही. महाराजांनी भगवं निशाण उंचावलं, हलगी आणि ताशे कडाडले, आणि थोड्या वेळानं परातीतलं पाणी खरोखर थरथरलं. पायाखाली जमीन हलली. महाराजांनी खैराची खुंटी दणकन ठोकली आणि धरणी शांत झाली. बाया कानशिलांवर बोटं मोडू लागल्या.

मनकर्णाबाई मागं उभ्या राहून संतापानं बघत होत्या. त्या गावच्या शाळेतल्या शिक्षिका. कोयनेचा भूकंप होऊन तीन वर्षं झाली होती आणि गेल्याच महिन्यात इथंही खरा धक्का बसला होता. गावाच्या डोक्यावरच्या भरल्या धरणाला त्यानं चीर पाडली. धरणाचे साहेब आले, चिरेवर चुना फासून गेले. शाळा धरणाच्या भिंतीच्या अगदी पायथ्याशी. पोरं पाढे म्हणायची आणि बाईंची नजर भिंतीवर असायची. सगळ्यांनी मिळून अकोल्याच्या कचेरीत जायचं, साहेबांना पाणी सोडायला आणि भिंत तपासायला भाग पाडायचं, असं त्यांनी घरोघर फिरून ठरवलं होतं. तेवढ्यात हे महाराज उगवले. नारळ आणि कोंबडा दिला की मंतरलेली खुंटी मिळे. ती दारात ठोकली की घराला धोका नाही!

"आता कशाला अकोलं न् फिकोलं, बाई?" लंकाबाई म्हणाली. तिची नात बाईंच्याच वर्गात होती. "म्हाराजांनी शेषाला बांधलाय की."

बाईंनी डोळे उघडे ठेवले. महाराजांचा चेला छगन नेमका चमत्काराच्या वेळीच कुठं जातो? चेला होण्याआधी तो विहिरींना सुरुंग लावायचा. शाळेची विहीर त्यानंच फोडली होती. पण भगवं घातलं की माणसाचं मागचं सगळं धुऊन निघतं, अशी आपल्याकडं सोय आहे. सुरुंगवाल्यांचा एक रिवाज बाईंना ठाऊक होता. वात पेटवण्याआधी ते ओरडून सावध करतात. ती सवय हाडात गेलेली असते.

त्यांनी हलगीवाल्या सहादूला गाठलं. "उद्या पुन्हा निशाण वर झालं की वाजवायचं नाही. ताशेवाल्यांनाही सांग."

"म्हाराज कोपत्याल, बाई."

"कोपू देत. तुझी पोर त्या भिंतीखाली बसते, ते ध्यानात ठेव."

दुसऱ्या दिवशी निशाण वर गेलं आणि सगळं चिडीचूप.

"वाजवा रं!" महाराज किंचाळले. कुणी वाजवलं नाही. आणि टेकडीमागच्या जुन्या खाणीतून खणखणीत हाक आली, "बार हाय, बार! बाजूला व्हा! बार हाय रं!"

सगळा गाव सवयीनं खाली बसला. पण सगळ्यांत आधी कोण? धरणीधर महाराज! त्यांनी परात उचलून डोक्यावर पालथी घातली आणि शेषाला बांधणारा महापुरुष नखशिखांत भिजला. मग धडाम आवाज झाला आणि जमीन कालच्यासारखीच हलली.

"अगं बया, ह्यो तर छगन्याचा आवाज!" लंकाबाई ओरडली.

"छगनचाच," बाई म्हणाल्या. "निशाण दिसलं की तो वात पेटवतो. त्याची हाक आणि सुरुंगाचा आवाज बुडवायला हलगी. म्हणून हा शेष हलगी-ताशांशिवाय हलत नव्हता."

गाव पोट धरून हसला. लंकाबाई मात्र हसली नाही. ती तरातरा घरी गेली, दारातली खुंटी उपटली आणि थेट धरणावर चढली. माणसं मागोमाग गेली. तिनं नखानं चुना खरवडला आणि चिरेत खुंटी घातली. हातभर लांब खुंटी, न ठोकता, मुठीपर्यंत आत गेली.

हसणं थांबलं.

"भूकंप कधी येईल, हे कुणालाच सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. "पण भिंत टिकेल की नाही, ते तपासता येतं. भट्टी असो की धरण, माणसानं बांधलेलं माणसानंच तपासायचं. आणि तपासत नसेल त्याला आपण जाब विचारायचा."

"शाळंला कुलूप लावा, बाई," लंकाबाई म्हणाली. "उद्या समदे अकोल्याला जाऊ."

सहादू खुंटी उपसायला वाकला. तिनं त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे तिथंच. सायबाला दाखवायची हाय."