कपाटात तोंड घालून गायलेले गाणे

मित्रांनो, मी एक जुने लाकडी कपाट आहे. माझे एक दार करकरते आणि दुसरे नीट लागत नाही, तरी माझी कशाबद्दलही तक्रार नाही. सुताराने मला मुद्दाम खोल बनवले, कारण या घरातली आई पडदे शिवते आणि जाडजूड कापडाचे ताके तिला माझ्यातच ठेवायचे होते. ताके रचताना ती गुणगुणायची. मुलगी लहानपणी झोपायला त्रास देई, म्हणून आईने स्वतःच एक गाणे रचले होते. ते कुठे लिहिलेले नव्हते. ऐकून ऐकून मला मात्र पाठ झाले.

मुलगी मोठी झाली, दातांच्या दवाखान्यात नोकरीला लागली आणि तिला घरच्या घरी संगीत तयार करण्याचे वेड लागले. माझ्यासमोरच्या टेबलावर संगणक आला, माइक आला, हेडफोन आले. ती उत्साहाने गाणे सुरू करी. ढोल, बासरी, व्हायोलिन, जे सापडेल ते एकावर एक चढवी. मग त्या गाण्याचा कंटाळा येई आणि पुढचे सुरू होई. पुरे झालेले एकही नव्हते.

"जरा चांगला माइक घेते, मग तुझं गाणं करू," असे ती आईला म्हणे.

"कर गं सावकाश. मी कुठे पळून चाललेय?" आई म्हणायची.

एके दिवशी आई डॉक्टरांकडून तपासून आली. गळ्यात गाठ होती. ऑपरेशन लवकरच करायचे होते आणि आवाज पहिल्यासारखा राहील, याची खात्री डॉक्टर देत नव्हते.

मुलीने त्याच संध्याकाळी आईला माइकपुढे बसवले. पण ध्वनिमुद्रण ऐकले तर आवाज विहिरीतून आल्यासारखा. उघड्या भिंतींवर आपटून तो परत येत होता. मुलीला रडू फुटले. तिने मावशीला फोन लावला. मावशी रेडिओ केंद्रात ध्वनिमुद्रण करते. ती तडक आली, खोलीत उभी राहून तिने एक टाळी वाजवली, कान दिला आणि सरळ माझी दारे उघडली.

"ताई, इकडे तोंड कर आणि कपाटात गा."

"कपाटात? काहीतरीच काय?"

"गाण्यात कपाट दिसणार आहे का? गा तू."

मावशीने पंखा बंद केला. माइक आईच्या तोंडापासून वितीभर लांब, किंचित तिरका धरला, म्हणजे 'प' आणि 'फ'चा वारा त्यावर आदळत नाही. मग भाचीला म्हणाली, "संगणकावरची ती आवाजाची पट्टी लाल होऊ देऊ नकोस. बारीक आवाज नंतर वाढवता येतो. फाटलेला शिवता येत नाही."

"मलासुद्धा नाही," आई म्हणाली आणि तिघी हसल्या.

मग आई गायली. तिचा श्वास माझ्यातल्या कापडावर येत होता. ताक्यांनी सगळा घुमारा पिऊन टाकला आणि उरला तो फक्त तिचा आवाज.

मुलगी लगेच व्हायोलिन चढवायला बसली. मावशी म्हणाली, "आधी अगदी हळू लावून ऐक. आईचे शब्द कळतायत? ज्याच्यामुळे कळत नाहीत, ते काढ." काढता काढता शेवटी एक गिटार राहिली. सगळीकडे नीट ऐकू येते का, म्हणून गाणे स्वयंपाकघरात फोनवर ऐकून पाहिले, मावशीच्या गाडीत ऐकून पाहिले. ऑपरेशनच्या आधी ते पुरे झाले. मुलीचे ते पहिले पुरे झालेले गाणे.

आई बरी झाली, पण आवाज घोगरा झाला, खाली उतरला. कितीतरी दिवस ती माझ्यापुढे न गुणगुणताच ताके रचत असे. ते गाणे लावण्याची मुलीची हिंमत होत नव्हती. शेवटी आईच म्हणाली, "लाव की गं. ऐकू तरी दे."

तिने डोळे मिटून सगळे ऐकले. मला वाटले, आता ती रडणार. ती उठली आणि तिने माझी दारे उघडली.

"याला खालचा सूर हवा होता," ती म्हणाली. "तो आता मला गाता येईल. माइक लाव."

मित्रांनो, घरी संगीत करू पाहणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. चांगल्या माइकची वाट पाहत बसू नका. खोलीत जाड कापड टांगा, आहे त्या साधनांची काळजी घ्या, थोडीच वाद्ये घ्या आणि घेतलेले गाणे पुरे करा. आपल्या माणसांचे आवाज आजच जपा. या घरात ते गाणे लागते तेव्हा एकाच बाईचे दोन आवाज एकत्र गातात. दोन्ही माझ्याकडे तोंड करून गायले गेले, याबद्दल मी या घराचे फार फार ऋणी आहे.