दहा किलो

सरूने श्वास रोखला आणि कुंचल्याचं टोक मूर्तीच्या उजव्या पापणीवर टेकवलं. रेघ अर्ध्यात आली, थरथरली आणि गालावर उतरली. सकाळपासूनची ही तिसरी मूर्ती.

"पुसू नको, राहू दे," पलीकडून तिचे वडील दिनानाथ ओरडले. "आधी हात धड कर. चतुर्थी तीन आठवड्यांवर आली, डोळे काय मी आखू?"

हमरापुरात गणपती रंगवणारे हात घरोघरी होते. डोळ्यांची आखणी मात्र कारखान्यातल्या एकाच माणसावर सोपवलेली असे, आणि दिनानाथच्या कारखान्यात गेली आठ वर्षं तो माणूस म्हणजे सरू. श्वास रोखून एका दमात रेघ ओढायची, ही तिची रीत. आता श्वास रोखला की छातीतली धडधड थेट कुंचल्यात उतरे. ती कशाने, हे तिला पक्कं ठाऊक होतं. घरात कुणी ऐकून घेत नव्हतं, एवढंच.

चैत्रात रोह्याची माणसं तिला बघून गेली होती. मुलगा कंपनीत, शिफ्टची नोकरी. मुलगी पसंत आहे, असं मुलाच्या आईने, धोंडुबाईने, निघताना सांगितलं आणि चपला घालता घालता जोडलं, "अंगाने जरा भरलेली हाय. दहा किलो उतरू दे, मग साखरपुड्याची तारीख काढू." बाजारात भोपळा फिरवून बघावा तशी त्या बाईने सरूला बघितलं होतं. आणि घरातल्या एकालाही त्यात वावगं वाटलं नाही! उलट आठवडाभरात आई, विमलबाई, रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या कुणा बाईकडून गोळ्यांची बाटली घेऊन आली. बाटलीवर ना नाव, ना पत्ता. जडीबुटी म्हणे. रोज सकाळी दोन. सात किलो उतरले खरे. झोप उडाली, केस मूठमूठ गळायला लागले आणि हात गेला तो गेलाच.

सरूने कुंचला पाण्यात आपटला, बाटली पर्समध्ये टाकली आणि पेणच्या रिक्षात जाऊन बसली. विमलबाई धावत मागोमाग चढली.

"तीनच किलो ऱ्हायलेत गो. तेवढे झाले की बंद कर. हात काय, येईल परत."

"आणि नाय आला तर?"

"लग्नानंतर कोण तुला डोळे आखायला बसवतंय?"

सरूला असा संताप आला, की पेण येईपर्यंत ती आईकडे पाठ करून बसली.

पेणच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिची नाडी मोजली. एकशे अठरा. मग गोळ्या तळहातावर ओतून घेतल्या, वास घेतला.

"यात थायरॉइडचं औषध मिसळलेलं असावं. रक्त तपासलं की कळेल. आजपासून एकही घ्यायची नाही."

"आणि हात?"

"येईल ताळ्यावर. महिना, दीड महिना लागेल."

म्हणजे यंदाचे डोळे गेले. आठ वर्षांत पहिल्यांदा तिच्या मूर्तींना दुसरं कुणी डोळे आखणार होतं.

"पण बाई, वजन उतरवायची चांगली औषधं असतील की," विमलबाई म्हणाली. "ती द्या."

"असतात. वजन फार वाढलंय, त्याने आजार जडलेत, अशांना देतो. तपासून, लक्ष ठेवून. जोडीला जेवण सुधारावं लागतं, चालावं लागतं. आणि उतरतं ते हळूहळू. साखरपुड्याच्या तारखेवर औषध ठरत नाही." त्यांनी सरूची उंची मोजली. "आधी किती होतं?"

"एकोणसत्तर."

"या उंचीला जरासं जास्त. औषध लागावं असं काहीच नव्हतं."

"ऐकलंस?" सरू आईवर कडाडली. बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावली. "काहीच नव्हतं! त्या धोंडुबाईचं काय, परकी ती. तू रोज सकाळी समोर उभी राहून गोळ्या गिळायला लावल्यास. आई हायस की कोण हायस माझी?"

विमलबाईने बांगड्या वर सारल्या आणि मनगट टेबलावर ठेवलं.

"माझी पण बघा."

डॉक्टरीणबाई घड्याळाकडे बघत नाडी मोजत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्हीही घेताय?"

"रोज एक. तिला द्यायच्या आधी. पोरीच्या पोटात काय जातंय ते बघायला नको?"

"मग तुम्हाला काही झालं नाही?"

"धडधडायचं. झोप नाय. वजनपण उतरलं. मला वाटलं, लग्नाची काळजी असंल."

सरूचा राग गेला नव्हता, पण आता तो आईवर काढता येईना.

विमलबाईने पिशवीतून मोबाइल काढून तिच्यापुढे धरला. "रोह्याला लावून दे. माझं बोट ठरत नाय."

सरूचं तरी कुठे ठरत होतं! दोनदा भलत्यालाच लागला. तिसऱ्यांदा धोंडुबाईचा आवाज आला.

"मी विमल, हमरापूरची. व्हय, केलं वजन. बासष्ट." पलीकडून खुशीत काहीतरी बोलणं झालं. "नाय, तुम्ही ऐका. तारीख काढू नका. ते आता वाढणार हाय."

पलीकडचा आवाज चढला. विमलबाईने मोबाइल दोन्ही हातांनी धरला.

"व्हय, वाढणार," ती म्हणाली. "दोघींचं."