परत आलेला नारळ

कुसुमबाईचं सासर पूर्णेजवळच्याच गावात, आणि माहेर पूर्णा स्टेशनाच्या फलाटावरून दिसायचं, पण तिच्या मायनं, केशरबाईनं, अकरा वर्षांत लेकीच्या सासरचा उंबरठा ओलांडला नव्हता. कारण एक लुगडं. लग्नात विहिणीच्या मानाचं म्हणून आणलेल्या लुगड्याचा काठ कुसुमच्या सासूनं, धुरपताबाईनं, भर मांडवात बोटांनी मोजला. ठरला होता चार बोटं, भरला तीन. धुरपताबाईनं लुगडं तिथल्या तिथं परत केलं, आणि केशरबाईनं डोळ्याला पदर लावून पाठ फिरवली ती फिरवलीच. खरं सांगायचं तर धुरपताबाईची बोटं भलती जाड होती. दुसऱ्या कुणाची चार सहज भरली असती. पण हे तिला सांगायची छाती कुणाची?

शहात्तरच्या उन्हाळ्यात धाकट्या दिराचं, पंडितचं पत्र आलं. तो अलिबागला कचेरीत कारकून होता. सुट्टीत सगळ्यांना घेऊन या, समुद्र दाखवतो, असं त्यानं लिहिलं होतं. मग काय, सासू, सासरे सटवाजी, नवरा दत्तराव, नणंद तानुबाई, घरची चार आणि नणंदेची तीन अशी सात लेकरं, गाठोडी, वळकट्या, असं सगळं लटांबर पूर्णा स्टेशनात येऊन बसलं.

रुळांपलीकडे रेल्वेच्या चाळीत केशरबाईची खोली होती. ती लगबगीनं आली, दशम्यांचं फडकं नातीच्या, बायनाच्या हातात दिलं आणि फलाटाच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

"आमच्या घरला पीठ हाय म्हणावं," धुरपताबाई म्हणाली. "जा, दिऊन ये."

बायना फडकं परत देऊन आली. कुसुमबाईला गाडीत बसेपर्यंत मायकडे बघवलं नाही. जालन्यापर्यंत घरच्या भाकरी संपल्या आणि सातही लेकरांनी एका सुरात भोकाड पसरलं.

"दशम्या चांगल्या असत्याल, न्हाई?" सटवाजी खिडकीबाहेर बघत म्हणाला. धुरपताबाईनं त्याच्याकडे असं बघितलं, की मनमाडपर्यंत तो पुन्हा बोलला नाही.

समुद्र बघून मात्र सगळेच गप्प झाले. "एवढं पाणी," शेवटी सटवाजीनं मान हलवली, "आन् एक एकर भिजंना!" लेकरं धावली, पण धुरपताबाईनं सगळ्यांना मागं ओढलं. ओटी भरल्याबिगर पाण्यात पाय घालायचा नाही. गोदावरीची, म्हणजे घरच्या भाषेत गंगेची, ओटी तिनं जन्मभर भरली होती. नारळ सोडावा, नदीनं तो न्यावा, आपण हात जोडून घरी यावं, एवढं ते सोपं काम.

तिनं हळदकुंकू वाहिलं, खणात बांधलेला नारळ पाण्यात सोडला, हात जोडले आणि पाठ फिरवली.

"आजी, आलं! परत आलं!"

नारळ तिच्या टाचेशी येऊन थांबला होता. काही चुकलं असेल म्हणून तिनं पुन्हा हळदकुंकू वाहिलं, गुडघाभर पाण्यात जाऊन नारळ सोडला. लाटेनं तो आणून दिला. तिसऱ्यांदा तिनं दत्तरावाला फेकायला लावला. गोफण फिरवून कमावलेला त्याचा हात. नारळ लांब गेला, दिसेनासा झाला. धुरपताबाईनं सुटकेचा श्वास सोडला न सोडला तोच खणासकट नारळ डुलत डुलत परत. लेकरांना वाटलं खेळच आहे. "आलं! परत आलं!" सातही जणं नाचायला लागली.

धुरपताबाई वाळूत मटकन खाली बसली. "माझ्या हातची ओटी आजपत्तूर कुणी परत केली न्हाई. ह्यो काऊन परत करायलाय?"

"माय, तसं नसतंय," पंडित पुढं झाला, "भरती असली की लाटा—"

"भाऊजी, धाकटं पाण्यात चाललंय, बघा बरं!" कुसुमबाई म्हणाली. धाकटं सटवाजीच्या खांद्यावर सुखात बसलं होतं, पण पंडित पळाला.

कुसुमबाई सासूशेजारी टेकली. अकरा वर्षांत तिनं उलटून शब्द काढला नव्हता. आज बोलले तर उद्याच माहेरी धाडतील, असं वाटत होतं. पण आज नाही बोलले तर कधीच नाही.

"लय लागलं का आत्याबाई?"

"लागलं की गं. कुठं लागलं त्ये सांगता यीना."

"माझ्या मायला बी तसंच लागलं आसंल," कुसुमबाई म्हणाली.

धुरपताबाईनं नारळ वाळूतून उचलला. पंडितच्या घरी तो तिनं उशाशी ठेवला आणि चार दिवस कुणाला हात लावू दिला नाही. परतीच्या गाडीत ती आपल्या लुगड्याचा काठ बोटांनी मोजत बसली. तीन. मग तिनं कुसुमबाईचा हात ओढून काठावर ठेवला. चार बोटं ठेवून वर जागा उरली. तिनं हात सोडून दिला आणि परभणी येईपर्यंत डोळे मिटून घेतले.

पूर्णेला उतरल्यावर ती गावाकडच्या फाटकाकडे वळली नाही. रूळ ओलांडून थेट चाळीकडे निघाली. मागून सगळं लटांबर. केशरबाई दारात जोंधळे पाखडत होती.

"इहीणबाई, पदर पसरा."

केशरबाईनं मीठ सुकून पांढरा पडलेला तो नारळ घेतला आणि परत तिच्याच हातात ठेवला. "आमच्या घरला बी नारळ हाय."

"आलं! परत आलं!" लेकरं ओरडली. कुसुमबाईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

धुरपताबाईनं पुन्हा नारळ पुढं केला. पुन्हा तो परत आला, पुन्हा सात जणांचा गलका. सटवाजी चप्पल घालायला लागला.

तिसऱ्यांदा तिनं नारळ लगेच दिला नाही. नुसता आपला हात पुढं धरला, पंजा उघडून.

"माझी बोटं जाड हाईत, इहीणबाई. काठ चार बोटं हुता. मला तवाच दिसलं हुतं."

केशरबाईनं एकदा त्या बोटांकडे बघितलं. मग तिनं सूप बाजूला ठेवलं आणि पदर पसरला. नारळ पदरात गेला. सटवाजीनं चप्पल काढून भिंतीला पाठ टेकली आणि दशम्यांची चौकशी केली.

लेकरं थांबून वाट बघत होती. बायनानं धुरपताबाईचं लुगडं ओढलं. "आजी, आता परत कवा यील?"

धुरपताबाईनं केशरबाईकडे बोट दाखवलं.

"आता न्हाई यायचं, बाई. ही आपली गंगा हाय."