ओक-ह्यांगचा रोखलेला श्वास

मी हृदय तपासणाऱ्या इको यंत्राचा, हातात धरायचा तुकडा. प्रोब म्हणतात मला. छातीवर टेकवलं की मी आत आवाज सोडतो, माणसाला ऐकू न येणारा. तो हृदयावर आपटून परत येतो आणि पडद्यावर चित्र उमटतं.

कारखान्यातून निघालो तो थेट कोरियातल्या जेजू बेटावरच्या या रुग्णालयात. लहानपणी हृदयाची शस्त्रक्रिया झालेली माणसं मोठेपणी इथं तपासणीला येतात. म्हणजे, यायला हवीत.

ओक-ह्यांगला बू मावशीने ओढून आणलं. दोघी समुद्रात श्वास रोखून बुड्या मारणाऱ्या, तळाचे शंख काढणाऱ्या.

"वर आली की छाती धडधडते हिची. पाण्यावर तरंगणाऱ्या तरंड्याला लटकून राहते," मावशी म्हणाली.

"वय झालं गं माझं! लहानपणीच हृदयातलं भोक बुजवलंय. डॉक्टर म्हणालेले, झाली बरी. मग कशाला खेटे घालू?"

मला चालवणारी यांग म्हणाली, "श्वास रोखा, ताई."

चित्र पाहून यांग इतकी हबकली की 'सोडा' म्हणायचंच विसरली. ओक-ह्यांग रोखूनच राहिली, वर डोळे मिचकावत.

मावशी खिदळली. "बघ पोरी! असला दम आजारी माणसाला असतो होय?"

दम होता. पण भोक बुजवताना रुंद केलेली फुफ्फुसाकडची झडप आता गळत होती. ढकललेलं रक्त माघारी येत होतं आणि उजवा कप्पा ताणून फुगला होता. इतकी वर्षं, जराही न दुखता. 'झाली बरी' म्हणणाऱ्याचा मला आजही संताप येतो.

डॉक्टरांनी बजावलं, "नवी झडप बसेपर्यंत पाण्यात पाय घालायचा नाही."

"एवढा हंगाम होऊ द्या. आमच्यात एकटीने बुडी मारत नाहीत. मावशीची जोडीदार मीच."

मावशी म्हणाली, "माझ्या नजरेसमोर ठेवीन तिला."

हंगाम सरल्यावर मावशी आली. एकटी. छातीत कळ येते म्हणाली.

"ओक-ह्यांगताई नाही आल्या?" यांगने विचारलं.

"तरंडा वर होता. ती नव्हती."

यांगने मला मावशीच्या छातीवर टेकवलं.

"श्वास रोखा, मावशी."

मावशीने मान हलवली. "नको गं. आता नाही रोखवत."

माझ्या वायरला चीर गेलीय, लवकरच मला अडगळीत टाकतील. माझा आवाज तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून हे लिहून ठेवतोय. व्रण भरला म्हणजे काम संपलं नाही. दुखत नसतानाच तपासणीला या. ओक-ह्यांगलाही दुखत नव्हतं.