अठ्ठ्याहत्तरच्या खाली

आमच्या घरात वजनकाटा एकच आहे, पण त्यावर उभी राहणारी दोन माणसं दोन वेगळ्या गोष्टींना भितात. प्रेमिलाचं वजन वाढलं म्हणजे अंगात पाणी साठलं. माझं वाढलं म्हणजे चरबी. तिचं पाणी धंतोलीच्या दवाखान्यातलं डायलिसिसचं यंत्र आठवड्यातून तीनदा काढून घेतं. माझी चरबी मलाच काढायची होती आणि ती निघत नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी नोव्हेंबरात स्पष्ट सांगितलं होतं. "सर, तुमची किडनी मिसेसना जुळते. बाकी तपासण्या ठीक आहेत. पण चौऱ्याऐंशी किलोवर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. अठ्ठ्याहत्तरच्या खाली या. मार्चच्या मध्यावर पुन्हा बघू." मग प्रेमिला बाहेर गेल्यावर त्या म्हणाल्या, "फार लांबवू नका. त्यांच्या हाताची ही दुसरी नस आहे. ती किती दिवस साथ देईल, मी सांगू शकत नाही."

डायलिसिससाठी तिच्या मनगटाजवळ दोन रक्तवाहिन्या जोडल्या आहेत. तिथे बोट ठेवलं की आत काहीतरी घरघरतं. घरघर आहे तोवर नस चालू आहे. सकाळी उठल्यावर प्रेमिला आधी दोन बोटं तिथे ठेवते. मी पेपर वाचत असल्यासारखं करतो आणि तिच्या चेहऱ्याकडे बघतो.

मुलगा प्रीतम पुण्यात असतो. सून गरोदर आहे. "मी देतो," असं तो फोनवर म्हणाला तेव्हा प्रेमिलाने त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. "पोराचं नाही घेत मी. पुन्हा नाव काढशीन तं फोन ठेवून देईन." मग मी म्हणालो, "मग माझी घ्यायची. ठरलं." ती गप्प बसली. मी ते ठरलं असंच धरलं.

मी अठ्ठावन्नाव्या वर्षी शाळेतून निवृत्त झालो, पण मुलं सुटली नाहीत. प्रताप नगरच्या आमच्या घरात रविवारी सकाळी सातवीची सहा मुलं येतात, बैठकीत सतरंजीवर बसतात. फी वगैरे काही नाही. आलेखाचा धडा सुरू होता. पुस्तकात कुठल्याशा गावाच्या पावसाचा आलेख होता. नंदिनी नावाची माझी एक विद्यार्थिनी आहे, तिला प्रत्येक गोष्टीचा उगम लागतो. तिने विचारलं, "सर, हे गाव खरंच आहे का?"

मला माहीत नव्हतं. मग मी दाराच्या मागे मोठा आलेख कागद चिकटवला आणि म्हणालो, "पाऊस राहू दे. माझं वजन घ्या. हे खरं आहे, रोज माझ्याबरोबर फिरतं."

तेव्हापासून दर रविवारी मुलांसमोर मी काट्यावर उभा राहायचो. एक जण आकडा वाचायचा, एक जण कागदावर बिंदू द्यायचा. मी बारीक का होतो आहे ते त्यांना सांगितलं नव्हतं. त्यामुळे त्यांचे अंदाज चालायचे.

"सर, लग्न ठरून राहिलं का तुमचं?" रजतने विचारलं.

"ठरू दे बाप्पा," आतून प्रेमिलाचा आवाज आला. "स्वयंपाकातून सुटीन मी."

पहिल्या चार आठवड्यांत रेषा चांगली खाली आली. चौऱ्याऐंशी पूर्णांक दोनवरून ब्याऐंशी पूर्णांक पाच. पहाटे मी दीक्षाभूमीपर्यंत चालत जायचो आणि चालत यायचो. साखर सोडली, भात सोडला, तर्रीचे पोहे सोडले. शेजारचे रुपराव फाटकाशी उभे राहून म्हणायचे, "काय गा सर, जन्मभर पोराईले पळवलं, आता स्वतः पळून राहिले." एकदा मात्र ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "बायकोले किडनी देणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहून राहिलो. दवाखान्यात तं देणाऱ्या साऱ्या बायकाच दिसतात."

त्या चौथ्या रविवारी मी खुशीत होतो. प्रेमिलाला म्हणालो, "आता होते बघ आपलं काम."

पाचव्या आठवड्यात वजन वाढलं. सहाव्यात आणखी. मी चालण्याचं अंतर वाढवलं, रात्रीची एक पोळी कमी केली. सातव्या आठवड्यात तिच्या हाताला सूज आली आणि ती पाच दिवस दवाखान्यात होती. त्या काळजीत वजन उतरलं असं मला वाटलं. ती घरी आली आणि काटा पुन्हा वर. जानेवारीत मौद्याहून तिची मोठी बहीण रुखमाबाई दोन आठवडे राहायला आली, तेव्हा पुन्हा छान उतरलं. ऐंशी पूर्णांक नऊपर्यंत. ती गेली आणि दोन रविवारांत मी ऐंशी पूर्णांक नऊवरून एक्याऐंशी पूर्णांक नऊवर. मार्चच्या तारखेला पाच आठवडे उरले होते.

मला रात्रीचं जेवण जाईना. जेवण कमी, तरी वजन जास्त. थायरॉइड असेल, आणखी काही असेल, तपासणीत काही निघेल आणि डॉक्टरीणबाई म्हणतील की आता तुम्ही चालणार नाही. प्रेमिलाजवळ बोलायची सोय नव्हती. ती म्हणायची, "जास्त टेन्शन नका घेऊ. खा दोन घास. आपल्या हातात काय आहे." आणि पोळी वाढायची. पोळ्या तिच्या अलीकडे फार मऊ व्हायच्या. मी कौतुकही केलं होतं. "गहू बदलला," ती म्हणाली होती.

त्या तेराव्या रविवारी नंदिनीने बिंदू दिला, पट्टीने रेषा जोडली आणि तशीच कागदासमोर उभी राहिली.

"सर, तुम्ही म्हणता ना, आलेखाला प्रश्न विचारा म्हणून."

"विचार की."

"पहिले चार आठवडे सोडले तं हा तीनदाच खाली गेला." तिने बोट ठेवलं. "इथे काकू दवाखान्यात होत्या. अन इथे अन इथे मोठ्या काकू आल्या होत्या, स्वयंपाक त्या करून राहिल्या होत्या. आपल्याले लाडू त्यांनीच दिले होते." ती माझ्याकडे वळली. "काकूंनी स्वयंपाक केला की वर, नाही केला की खाली."

"काकूंच्या हातालेच चव आहे ना वं," रजत म्हणाला. "सर दोन पोळ्या जास्त खात असतील चोरून."

सगळी हसली. मीही हसलो. स्वयंपाकघरातून या वेळी काहीच आवाज आला नाही.

मुलं गेल्यावर मी पाणी प्यायला आत गेलो. प्रेमिला देवळीतल्या बुद्धमूर्तीपुढची फुलं बदलत होती. ओट्यावर नेहमीसारख्या दोन पराती होत्या. तिला मीठ चालत नाही, म्हणून तिची कणीक वेगळी भिजते, माझी वेगळी. मी फ्रिज उघडला. दुधाच्या पातेल्यावर साय नव्हती. मग फळीवरचा तुपाचा डबा उघडला. तो रिकामा होता. मी तूप बंद केलं होतं, हे खरं. पण दूध रोज एक लिटर येत होतं, जाड सायीचं. तूप कढवल्याचा वास घरात शेवटचा कधी आला होता, मला आठवेना. मग दोन महिन्यांची साय गेली कुठे?

मला राग आला नाही, असं म्हणणार नाही. पण पस्तीस वर्षांत एक सवय लागली आहे. मुलाने उत्तर चुकवलं की आधी त्याने ते कसं काढलं ते बघायचं. मी बैठकीत गेलो, दाराच्या मागचा कागद सोडवला आणि दिवाणावर पसरला.

"ये, बस जरा."

ती हात पुसत आली. दहावीनंतर तिने वीस वर्षं ब्लाउज शिवले आहेत, मापाच्या खुणा तिला कळतात. ती कागदाकडे बघत राहिली. मग सातव्या बिंदूवर बोट ठेवून म्हणाली, "हा मी दवाखान्यात होते तो."

"हो."

"पोरगी हुशार आहे."

"साय कणकेत जाते का?"

तिने मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाली, "अन डाळीत दाण्याचा कूट. बारीक करून. शनिवारी जास्त. रविवारी तुम्ही मोजता ना."

एवढा हिशोबीपणा ऐकून मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. "पाचव्या आठवड्यापासून?"

"तुम्ही म्हणाले, होते बघ आपलं काम. तोवर मले वाटे, नाही होणार तुमच्यानं. गोड सुटत नाही तुमचं. त्या दिवशी वाटलं, होऊन राहिलं खरंच."

"मग काहून केलं तू हे? डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या..." मी थांबलो. ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

"दुसरी नस आहे, हेच ना? माझाच हात आहे तो. मले नाही समजत?" ती आवाज न चढवता बोलत होती. "डायलिसिसले बाजूच्या खाटेवर ती वंदना होती, आठवते? तिले नवऱ्याने दिली. दोघंही बरे आहेत. मले माहीत आहे, बरे आहेत. तरी तो जिना चढताना पोट धरते, ते मी पाहिलं. पोराचं नाही घेतलं मी, तं तुमचं कसं घेऊ? उद्या दोघंही खाटेवर पडलो तं प्रीतम कोणाकोणाले पाहील? एक तरी धड राहू द्या घरात."

"हे मला सांगायचं होतं."

"कधी सांगू? तुम्ही मले विचारलंच नाही."

"विचारलं होतं. तू गप्प बसलीस."

"सांगितलं होतं तुम्ही. ठरलं म्हणाले. विचारलं नव्हतं."

वर्गात एखादं मूल गप्प बसलं तर त्याला समजलं, असं मी कधीच धरलं नाही. दहादा विचारायचो. तीच चूक मी घरात केली होती, आणि ती तीन महिने दाराच्या मागे लटकत होती.

बाहेर रुपरावांचा कुलर दुरुस्त करणारा माणूस ठोकाठोक करत होता.

"आता विचारतो," मी म्हणालो. "मी दिली तर घेशील?"

ती कागदाची सुरकुती हाताने सपाट करत राहिली. "मले भीती वाटते."

"मलाही वाटते."

"तुम्हाले?" ती पहिल्यांदा माझ्याकडे बघत म्हणाली. "तुम्ही तं रोज बँड वाजवत फिरायले जाता."

"घरी बसलं की जास्त वाटते म्हणून जातो."

उठताना एवढंच म्हणाली, "उद्या डायलिसिस आहे. उद्या नका विचारू मले."

सोमवारी मी विचारलं नाही. धंतोलीच्या त्या लांब खोलीत चार तास तिच्याजवळ बसलो. यंत्र फिरत होतं आणि रक्त नळीतून जाऊन परत येत होतं. वंदनाचा नवरा औषधं घ्यायला आला होता. मी त्याला जिना उतरताना पाहिलं. त्याने खरंच पोटाला हात लावला. मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

मंगळवारीही मी विचारलं नाही. संध्याकाळी जेवायला बसलो. पहिला घास घेतला आणि थांबलो. पोळी चिवट होती आणि तिला चव नव्हती.

"मीठ राहिलं का?"

"एकच कणीक भिजवली आज," ती तव्याकडे बघत म्हणाली. "दोन दोन पराती कोण घासत बसेल."

मी ओट्याकडे पाहिलं. परात एकच होती. मी दोन पोळ्या खाल्ल्या. तिने तिसरी वाढली नाही. घशाखाली उतरायला प्रत्येक घासाला पाणी लागत होतं, आणि तिच्यासमोर पाणी प्यायची मला लाज वाटत होती, कारण तिला दिवसाला मोजकंच पाणी चालतं. ती हेच दोन वर्षं खात होती.

शनिवारी भाजी टाकताना तिने मला आत बोलावलं. "तेल तुम्ही टाका. मग माझ्यावर नाव नको." मी दोन चमचे तेल मोजून टाकलं. ती बाजूला उभी राहून बघत होती. दुसऱ्या हाताची दोन बोटं नकळत मनगटावर गेली होती. "आहे का?" मी विचारलं. "आहे," ती म्हणाली. मग क्षणभर थांबून तिने हात माझ्यापुढे केला. मी बोट ठेवलं. घरघर होती, पण मला वाटलं होतं त्यापेक्षा बारीक.

रविवारी मुलं आली. रजतने आकडा वाचला, "एक्याऐंशी पूर्णांक एक." आठशे ग्रॅम उतरले होते. नंदिनीने बिंदू दिला.

"सर, परीक्षा कधी आहे तुमची?" तिने विचारलं. तिला काय कळलं होतं, किती कळलं होतं, मला माहीत नाही.

"चार आठवड्यांनी."

"किती पाहिजे?"

"अठ्ठ्याहत्तरच्या खाली."

तिने मागच्या आणि आजच्या बिंदूवर पट्टी ठेवली आणि ती कागदाच्या कडेपर्यंत सरकवली. दोन बिंदूंवरून पुढचं सांगायचं नसतं, हे मीच त्यांना शिकवलं होतं. तरी मी तिला थांबवलं नाही. चौथ्या आठवड्याच्या उभ्या रेघेवर पट्टीची कड अठ्ठ्याहत्तरच्या खाली होती, पण केसभरच.

"खाली आहे," रजत म्हणाला.

"पट्टी हलली असेल," दुसरं कोणी म्हणालं.

प्रेमिला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. हाताला कणीक लागलेली होती.

"नीट धर वं नंदिनी," ती म्हणाली. "पुन्हा पाहा."